नान्नजच्या माळावरचं धुरकट आकाश नेमकं कुणाच्या फायलीत आहे? सोलापुरातल्या साहेब लोकांना खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सोलापुरातले अधिकारी आणि माळढोक अभयारण्य बघणारा वन्यजीव विभाग,

सप्रेम नमस्कार.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण वेगवेगळं लिहिलं की काय होतं ते माहितीय. मंडळ म्हणतं अभयारण्य आमच्याकडं नाही, वनखातं म्हणतं हवा आमच्याकडं नाही, आणि कलेक्टर ऑफिसात अर्जावर शिक्का बसतो, पावती मिळते, विषय संपतो. म्हणून एकत्रच, आणि सगळ्यांसमोर.

विषय असा आहे की हुरड्याच्या दिवसात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, नान्नजच्या माळावर, माळढोक अभयारण्यात उभं राहिलं की लांबचं दिसत नाही. जवळचं दिसतं, गवत दिसतं, काळविटाचा कळप दोन-तीनशे मीटरवर असेल तर मस्त दिसतो, पण त्याच्या मागं जे काही आहे ते सगळं एका मळकट पांढऱ्या पडद्यात गेलेलं असतं, क्षितिज म्हणून रेघच नसते. लोकांना वाटतं धुकं आहे, थंडीचे दिवस आहेत, पडणारच. पण साहेब, धुकं दहा-अकरापर्यंत उन्हानं निघून जातं. हे दुपारी दोन वाजता पण असतं, हवा एवढी कोरडी की ओठ फुटतात आणि तरी समोर धुरकटच. हवामान खात्याच्या भाषेत धुकं म्हणजे जवळजवळ पूर्ण ओलसर झालेल्या हवेतले पाण्याचे थेंब आणि दिसण्याचं अंतर एक किलोमीटरच्या आत. भर दुपारी कोरड्या हवेत ते होत नाही. हे आहेत हवेत तरंगणारे बारीक कण, आणि त्यातले बरेचसे आपणच सोडलेले.

माळरानाचं असं आहे की तिथं बघायला धबधबा नाही, घनदाट झाडी नाही, किल्ला नाही. माळाची सगळी श्रीमंती म्हणजे लांबवर दिसणं. हिवाळ्यात परदेशातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवताच्या अगदी वरून तरंगत जातात ते दुर्बिणीतून किलोमीटरभर लांब टिपायचे असतात. तेच जर गेलं तर माणूस तिथं येऊन बघणार काय? १९७९ साली हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, २०१२ मध्ये ते कमी करून सुमारे १२२२ वर आणलं. माळढोक पक्षी तर आता जवळजवळ संपलाच म्हणायचा. उरलेल्या माळावर निदान नजर तरी मोकळी राहू द्या, एवढंच म्हणणं आहे.

आता हे होतं कसं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण उपाय चुकायचं कारण तिथंच आहे. आपल्याला लांबचा डोंगर दिसतो तो त्याच्याकडून येणाऱ्या उजेडामुळं, आणि डोंगर आणि त्याच्या मागचं आकाश यात फरक कळतो म्हणून. मधल्या हवेत कण असले की दोन गोष्टी होतात. एक तर डोंगराकडून येणारा उजेड वाटेत विखुरला जातो, काही काजळी गिळते. आणि दुसरं, जे जास्त त्रासदायक आहे, की सूर्याचा भलताच उजेड त्या कणांवर आपटून आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे डोंगराचा उजेड कमी आणि मधल्या हवेची स्वतःची चमक जास्त, फरक पुसला जातो आणि डोंगर गायब. म्हणूनच सकाळी पूर्वेकडं तोंड केलं की जास्त पांढरं दिसतं आणि सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडं बघितलं की त्याच वेळी, त्याच हवेत बरंच लांबचं दिसतं, कारण हे कण उजेड मागं कमी आणि पुढच्या दिशेला जास्त फेकतात. कुणीही माळावर जाऊन करून बघावं, फुकट आहे.

कोणते कण हे करतात हा खरा मुद्दा. आपण धूळ म्हणतो ती रस्त्याची, मुरमाची, खडी क्रशरची, नांगरलेल्या काळ्या रानाची. ती जाड असते आणि वजनाला भारी असते. दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण शांत हवेत तासाला दहा मीटरभर खाली येतो, म्हणजे वारा पडला की बसतो बिचारा. पण एक मायक्रॉनचा कण दिवसभरात जेमतेम तीनेक मीटर उतरतो, तो दिवसेंदिवस हवेतच राहतो, शेकडो किलोमीटर प्रवास करतो. आणि उजेड अडवण्यात हाच पुढं. कारण दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, आणि कणाचा आकार त्याच्या आसपास आला की विखुरणं सगळ्यात जोरात होतं. एक ग्रॅम जाड धूळ हवेत पसरली तर ती साधारण ०.६ चौरस मीटरची सावली धरते. एक ग्रॅम सल्फेट कोरड्या हवेत ३ चौरस मीटर, सेंद्रिय धुराचे कण ४, आणि काजळी १०. वजन तेवढंच, काजळीचं काम मात्र धुळीच्या सोळा-सतरा पट.

त्यात सल्फेट आणि नायट्रेट पाणी ओढतात. हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला की तोच कण फुगतो आणि दुप्पट-तिप्पट उजेड अडवायला लागतो. पहाटे माळ पार गायब आणि दुपारी थोडा उघडलेला असतो त्यात ह्याचा मोठा हात आहे. दुसरं कारण म्हणजे रात्री मोकळं आकाश असलं की माळाची जमीन पटकन गार होते, तिच्यावरची हवा गार आणि वरची ऊबदार, मग खालचा धूर वर जाऊच शकत नाही, झाकणाखाली अडकून बसतो. ऊन चढलं की झाकण उघडतं.

आता हिशेब करून दाखवतो, कारण माझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. १९२४ साली कोशमीडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं सूत्र काढलं, अजून तेच वापरतात. हवेतल्या सगळ्या गोष्टींची उजेड अडवायची ताकद बेरीज करायची आणि ३९१२ ला त्या बेरजेनं भागायचं, किती किलोमीटरपर्यंत दिसेल ते येतं. स्वच्छ हवेची स्वतःची ताकद साधारण १०, म्हणजे कण अजिबात नसले तर तीनशे-चारशे किलोमीटर (पृथ्वी गोल आहे म्हणून तेवढं दिसत नाही ते सोडा). आता समजा हवेत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण) आहे, त्यातले ४० बारीक म्हणजे पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे) आणि ६० जाड धूळ. वरचे चौरस मीटरचे आकडे घ्या, बारीक कणांना सरासरी ४ धरा, ४० गुणिले ४, १६०. जाड धुळीला ०.६, ६० गुणिले ०.६, ३६. हवेचे १०. एकूण २०६. दिसणार १९ किलोमीटर.

आता महापालिकेनं रस्ते झाडायची मशीन आणली, टँकरनं पाणी मारलं, जाड धूळ निम्मी केली. बेरीज झाली १८८, दिसणार २१ किलोमीटर. पीएम १० मात्र १०० वरून ७०, तीस टक्के घट, फोटो, बातमी, सत्कार. आणि जर धूळ तशीच ठेवून बारीक कण निम्मे केले असते तर? बेरीज १२६, दिसणार ३१ किलोमीटर. पण पीएम १० फक्त १०० वरून ८०, म्हणजे वीसच टक्के घट. बघा की साहेब, ज्या कामानं माळ दोन किलोमीटर उघडतो त्याला जास्त मार्क आणि ज्यानं बारा किलोमीटर उघडतो त्याला कमी मार्क. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, माळावर मोजलेले नाहीत, पण जाड धूळ बारीक कणांपेक्षा थोडीफार जास्त असली की गणित असंच वागतं.

आणि ही मार्कांची पद्धत कल्पनेतली नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, सोलापूरचं नाव मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे, आणि शहरांची प्रगती मोजतात ती मुख्यतः पीएम १० वर. २०२५-२६ पर्यंत चाळीस टक्के कमी करा नाहीतर मर्यादेत आणा, असं. म्हणून सगळा जोर रस्त्यावर. मी रस्ते झाडू नका असं म्हणत नाही, होटगी रोडला आणि विजापूर रोडला राहणाऱ्यांनी ती धूळ खायची का? पण त्या कार्यक्रमात शहराच्या हद्दीबाहेर वीस-बावीस किलोमीटरवर असलेलं नान्नज कुठंच नाही. आणि देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकांमध्ये बारा गोष्टी आहेत, शिसं आहे, आर्सेनिक आहे, बेंझीन आहे, किती लांब दिसतं हे नाही. पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा ४० आहे. वरचं उदाहरण परत बघा, मी ४० च धरले होते. म्हणजे बारीक कण कायद्याच्या मर्यादेत असताना पण माळ धुरकट राहू शकतो.

बाहेरच्या देशात हे वेगळं धरतात म्हणून सांगतो, अमेरिकेचं कौतुक करायला नाही. त्यांनी १९७७ साली हवेच्या कायद्यात सुधारणा करून राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव रानांतून दिसणारा देखावा हीच जपायची गोष्ट ठरवली, अशी १५६ ठिकाणं निवडली, १९८० च्या दशकात तिथं कण पकडायची यंत्रं आणि कॅमेरे लावले, १९९९ मध्ये नियम केला आणि २०६४ पर्यंत नैसर्गिक अवस्थेला न्यायचं म्हणून वर्ष टाकलं. त्यांच्या पूर्वेकडच्या उद्यानांत जिथं दीडशे किलोमीटरच्या आसपास दिसायला हवं तिथं पंचवीस-चाळीसच दिसत होतं, गंधकाच्या धुरामुळं मुख्यतः. ग्रँड कॅन्यनजवळ नवाहो नावाचं कोळशाचं मोठं वीज केंद्र होतं, त्याच्या गंधकानं हिवाळ्यात दरी धुरकट होते असं निघाल्यावर १९९१ मध्ये नव्वद टक्के गंधक कमी करायचा निर्णय झाला, १९९९ पर्यंत यंत्रं बसली. लोकांच्या फुप्फुसासाठी नाही हं, दरी दिसावी म्हणून. आपल्याकडं कुणी असं बोललं तर लोक हसतील.

आपल्याकडं गंधक कुठून येतं? शहराच्या दक्षिणेला फताटेवाडी-आहेरवाडीला १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. मी त्यांच्यावर आरोप करत नाहीये, नान्नज शहराच्या उत्तरेला आहे आणि थंडीत वारा बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून असतो, तेव्हा माळावरच्या धुरकटपणात त्यांचा वाटा किती हे मोजल्याशिवाय कुणीच बोलू नये, ना मी ना ते. पण एक गोष्ट सगळ्या कोळसा केंद्रांना लागू आहे. राख पकडायची यंत्रं राख पकडतात, गंधकाचा वायू त्यांच्यातून सरळ निघून जातो. तो चिमणीतून निघताना डोळ्याला दिसत पण नाही. मग हवेत तासाला साधारण एखादा टक्का या वेगानं त्याचं सल्फेट होत जातं, ढगात धुक्यात कितीतरी जास्त वेगानं, शेतातल्या युरियाचा आणि गोठ्यांचा अमोनिया त्याला मिळतो आणि अमोनियम सल्फेटचे बारीक कण तयार. चिमणी एका जिल्ह्यात, पडदा दुसऱ्या जिल्ह्यात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं गंधकाची मर्यादा घातली, मग मुदती वाढत गेल्या, जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली. त्यासाठी सांगितलं काय, तर आपल्या कोळशात गंधक कमी आणि हवेत गंधकाचा वायू मर्यादेतच आहे. अहो, वायू मर्यादेत दिसणारच, तो सल्फेट होऊन पीएम २.५ च्या खात्यात गेलाय ना.

आणि सगळं कोळशावर ढकलायचं पण बरोबर नाही, आपल्या घरचं पण बघू. साखर कारखान्यांच्या बाबतीत आपला जिल्हा राज्यात पुढं आहे, दिवाळीच्या आगंमागं गाळप सुरू होतं ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत, म्हणजे बरोब्बर माळ धुरकट असायच्या काळात. कारखान्याच्या बॉयलरला बगॅस म्हणजे उसाचा चोथा जळतो, आणि ऊस तुटून गेला की रानात पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला पेटवतात. संध्याकाळी मोहोळच्या बाजूनं येताना एका वेळी चार-पाच ठिकाणी ज्वाळा दिसतात. झाकण पडायची जी वेळ, तीच पाचट पेटवायची वेळ. ह्या धुरात सेंद्रिय कण आणि काजळी, म्हणजे त्या ४ आणि १० वाल्या मंडळी. पाचट सरीत दाबून कुजवलं तर खोडव्याला पाणी कमी लागतं, जमीन सुधारते हे कृषी विद्यापीठ किती वर्षं सांगतंय, पण तोडणी लांबलेली असते, मजूर नाही, कुट्टी करायचं यंत्र वेळेवर मिळत नाही, काडी मात्र खिशात असते. शेतकऱ्याला दंडाची नोटीस पाठवून हे थांबेल असं मला वाटत नाही. कारखान्यांनी आपापल्या गटात पाचट कुट्टीची यंत्रं तोडणीच्या टोळीबरोबरच पाठवली तर थांबेल, आणि कलेक्टर साहेब, हे तुमच्या एका मीटिंगचं काम आहे, गाळपाच्या आधी सगळ्या कारखान्यांना बोलावताच की तुम्ही.

वीटभट्ट्या आहेत, कचऱ्याच्या आगी आहेत, हायवेची डिझेल वाहतूक आहे. आणि वनखात्याचे साहेब, रागावू नका, वणवा पसरू नये म्हणून तुम्ही गवत जाळून जाळरेषा काढता, ते गरजेचं आहे मान्य, पण निदान ती हवा हलती असताना दुपारी जाळावी, सकाळी नको.

काही धुरकटपणा निसर्गाचा पण असतो हे मान्य करायला पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये वावटळी उठतात, कधी राजस्थान आणि अरबस्तानाकडची धूळ इथपर्यंत येते. ती पिवळसर-तपकिरी दिसते, तीन-चार दिवसात जाते. थंडीतला पडदा मात्र राखाडी-पांढरा, आणि तो जात नाही, कारण आपल्याकडं थंडीत पाऊस नसतो आणि हे कण धुवून काढायला पावसाशिवाय दुसरं काही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एक चांगली सर होऊन गेली की बघा, तुळजापूर रोडला लागलं की घाटाचा डोंगर लांबूनच एकेका घळीसकट दिसतो. कोजागिरीला चालत जाणाऱ्यांना विचारा, पाऊस नुकताच गेलेला असेल तर डोंगर कसा दिसतो आणि नसेल तर कसा.

ह्यात अजून एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. हवा जितकी स्वच्छ तितकी थोडी घाण जास्त नडते, आपल्या सोलापुरी पांढऱ्या टॉवेलवर चहाचा थेंब लांबून दिसतो तसं. बेरीज १० असताना त्यात १० मिळवले, म्हणजे अडीच मायक्रोग्रॅम बारीक कण फक्त, की नजर निम्म्यावर येते. बेरीज २०० असताना तेच १० मिळवले तर किलोमीटरभराचाच फरक. म्हणजे जिथं हवा अजून बरी आहे त्या रानाला शहरापेक्षा कडक माप पाहिजे. आपण उलटं करतो, शहरात यंत्रं लावतो आणि रानात काही मोजतच नाही, मग रान बिघडलं हे कळणार कुठून?

तर मागणी. नान्नजच्या मनोऱ्यावर एक साधा पक्का बसवलेला कॅमेरा लावा, दिशा बदलायची नाही, झूम बदलायचा नाही, रोज सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला फोटो. फ्रेममध्ये कुठली टाकी, कुठला टॉवर, कुठली टेकडी किती किलोमीटरवर आहे हे एकदा नकाशावरून लिहून ठेवायचं, म्हणजे फोटो बघून कुणीपण सांगेल की आज अमुक टाकी दिसली आणि तमुक टेकडी नाही. शेजारी तापमान आणि ओलावा मोजायचं छोटं यंत्र, कारण ओलावा माहिती नसेल तर धुकं आणि धूर वेगळा करता येणार नाही. ह्याला कोटी लागत नाहीत.

मंडळाकडून मला पाहिजे ते थोडं महाग आहे. पीएम २.५ नुसतं वजन करून भागत नाही, फिल्टरवर जमलेल्या कणात सल्फेट किती, नायट्रेट किती, काजळी किती, सेंद्रिय किती, माती किती हे तपासायचं. निदान एक पूर्ण वर्ष, आठवड्यातून दोनदा. तेव्हाच कळेल कोळसा किती, पाचट किती, डिझेल किती, आणि एकमेकांकडं बोटं दाखवणं बंद होईल. आपलं विद्यापीठ केगावला आहे, तिथं विज्ञानाची पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात, त्यांना सोबत घ्या, फिल्टर बदलायला माणूस मिळेल आणि पोरांना खरं काम मिळेल. हवामान खात्याची सोलापूरला वेधशाळा आहे, दिसण्याचं अंतर नोंदवणं हे वेधशाळांचं जुनं नेहमीचं काम, त्या जुन्या नोंदी मागवून महिन्याप्रमाणं लावल्या तरी गेल्या काही दशकांत काय झालं ते समोर येईल. हे तर नुसतं एक पत्र पाठवायचं काम आहे.

एका कार्यालयात मी हे तोंडी बोललो तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, अहो तिथं राहतंय कोण, कुणाच्या तब्येतीला त्रास होतोय? त्याचं उत्तर लिहूनच देतो. एक, नान्नज, वडाळा, मार्डी ही गावं आहेत, तिथं माणसं राहतात आणि नजर अडवणारे हेच बारीक कण फुप्फुसात सगळ्यात आत जातात, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्यांची वर्षाची मर्यादा ५ वर आणली, आपली ४०. दोन, १९८१ च्या हवा कायद्यात प्रदूषक म्हणजे माणसाला, इतर जीवांना, झाडांना, मालमत्तेला किंवा पर्यावरणाला हानिकारक ते, असं लिहिलंय. माणूस राहतो का असं विचारायची त्यात कुठं अट नाही.

शेवटचं म्हणजे वेळेचं. कॅमेरा गाळप सुरू व्हायच्या आधी लागला पाहिजे, सप्टेंबर अखेरपर्यंत धरा. म्हणजे पावसाळ्यानंतरची धुतलेली हवा आणि कारखाने सुरू झाल्यानंतरची हवा, दोन्हीचे फोटो एकाच फ्रेममधून मिळतील. जानेवारीत लावून उपयोग नाही, तुलनेला काहीच राहणार नाही आणि अख्खं वर्ष वाया जाईल. ही फाईल तिघांपैकी कोण उघडणार तेवढं आधी ठरवा आणि जे ठरेल ते लेखी कळवा.

आपला,
माळावर जाणारा एक सोलापूरकर